प्राचार्य बाबासाहेब आणि मराठवाड्याचे विद्यापीठ

एप्रिल महिना लागला की नांदेड आणि लातूर जिल्ह्यांतील गावोगावच्या जयंती मंडळांची व्याख्यानासाठी निमंत्रणे आम्हाला येऊ लागतात. विषय बहुधा ठरलेले असतात. राज्यघटना, महाडचा सत्याग्रह, गोलमेज परिषद, पुणे करार, धम्मक्रांती. हे विषय महत्त्वाचेच आहेत, त्यावर कितीही बोलले तरी कमीच. परंतु परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर हे प्राध्यापक होते, सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य होते, विद्यापीठ कसे असावे याचे लेखी उत्तर सरकारी समितीला देणारे अभ्यासक होते आणि निजामी राजवटीत पिचलेल्या मराठवाड्यात महाविद्यालय उभे करणारे संस्थापक होते, या बाजूवर बोला असे आम्हाला क्वचितच कोणी सांगते.

याचा तोटा चळवळीने सोसला आहे. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा प्रश्न पेटला तेव्हा विरोधकांचा एक ठरलेला सवाल असे. बाबासाहेब मोठे आहेत हे मान्य, पण मराठवाड्याच्या शिक्षणाशी त्यांचा संबंध काय? आमच्या सभांतून याला उत्तर जाई ते घटनेच्या शिल्पकाराचे. खरे उत्तर त्यांच्या विद्यापीठीय आयुष्यात होते आणि ते पुरेशा ताकदीने मांडले गेले नाही, असे आमचे स्पष्ट मत आहे. म्हणून आज त्या आयुष्याविषयी.

एल्फिन्स्टन हायस्कूलमध्ये शिकणाऱ्या भीमरावाला संस्कृत शिकायचे होते. अस्पृश्याच्या मुलाला संस्कृत शिकवणार कोण? नाइलाजाने त्याने फारसी घेतली. १९०७ साली मॅट्रिक, १९१२ साली बी.ए. पुढे बडोद्याचे सयाजीराव गायकवाड महाराज यांनी दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली आणि १९१३ साली हा तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाला. पदवी मिळवून परतायचे एवढाच बेत असता तर मोजके विषय घेऊन भागले असते. त्यांनी एकट्या अर्थशास्त्राचे २९ अभ्यासक्रम घेतले. त्याशिवाय इतिहास, समाजशास्त्र, तत्त्वज्ञान. १९१५ साली एम.ए. झाले. मे १९१६ मध्ये मानववंशशास्त्राच्या अभ्यासवर्गात भारतातील जातींवर निबंध वाचला. जातीचे मूळ जातीअंतर्गत विवाहाच्या बंधनात आहे, अशी मांडणी करणारा हा अभ्यासक तेव्हा पंचवीस वर्षांचा होता. ज्या रूढीचे चटके अंगावर सोसले तिच्याकडे संशोधकाच्या थंड नजरेने पाहणे किती कठीण असते, हे आमच्या वाचकांना सांगायला नको.

लंडनचे शिक्षण अर्धे टाकून १९१७ साली परतावे लागले. बडोद्याच्या नोकरीत वाट्याला आलेली विटंबना सर्वांना ठाऊक आहे. नोव्हेंबर १९१८ मध्ये मुंबईच्या सिडनेहॅम कॉलेजात ते अर्थशास्त्राचे प्राध्यापक झाले, पगार दरमहा ४५० रुपये. वर्गात विद्यार्थी गर्दी करू लागले, इतर महाविद्यालयांतूनही मुले ऐकायला येत. आणि प्राध्यापकांच्या खोलीत? तिथल्या पाण्याच्या भांड्यातून आंबेडकरांनी पाणी प्यायला काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. अर्थशास्त्राचा पंडित चालेल, त्याचा हात माठाला लागलेला चालणार नाही! मार्च १९२० मध्ये त्यांनी ही नोकरी सोडली. पगारातून शिल्लक टाकलेले पैसे, राजर्षी शाहू महाराजांची मदत आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज एवढ्या शिदोरीवर ते पुन्हा लंडनला गेले. १९२१ साली एम.एस्सी., १९२३ साली रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंधाला डी.एस्सी., आणि बॅरिस्टरीची परीक्षा. ब्रिटिश हिंदुस्थानातील प्रांतिक अर्थव्यवस्थेवरचा प्रबंध १९२५ साली छापून झाला आणि कोलंबियाची पीएच.डी. १९२७ साली रीतसर पदरात पडली.

इथवरचा प्रवास शालेय पुस्तकातही सापडतो. यापुढचा भाग आम्हाला विशेष महत्त्वाचा वाटतो.

१९२४ साली मुंबई विद्यापीठाच्या सुधारणेसाठी सर चिमणलाल सेटलवाड यांच्या अध्यक्षतेखाली समिती बसली होती. समितीने जाणकारांकडे प्रश्नावली पाठवली. बाबासाहेबांचे उत्तर ऑगस्ट १९२४ मधले आहे. लक्षात घ्या, जुलै १९२४ मध्येच त्यांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली होती. एका हाताने अस्पृश्यांच्या वसतिगृहाची तजवीज चाललेली आणि दुसऱ्या हाताने विद्यापीठाच्या रचनेचा आराखडा लिहिणे चाललेले. यात आम्हाला दोन वेगळी कामे दिसत नाहीत.

त्या काळचे मुंबई विद्यापीठ हे मुख्यतः परीक्षा घेणारे मंडळ होते. शिकवायचे महाविद्यालयांनी, प्रश्नपत्रिका काढायच्या विद्यापीठाने, आणि पदवीचा कागद द्यायचा समारंभात. बाबासाहेबांनी या रचनेच्या मुळावरच बोट ठेवले. परीक्षा घेणे म्हणजे विद्यापीठ नव्हे. विद्यापीठाने स्वतः शिकवले पाहिजे, स्वतः संशोधन केले पाहिजे. पदव्युत्तर वर्ग विद्यापीठात आणि पदवीचे वर्ग महाविद्यालयात अशी फाळणी करण्याचा विचार तेव्हा जोरात होता. त्यालाही त्यांनी विरोध केला. ही फाळणी म्हणजे अध्यापनापासून संशोधनाची ताटातूट आणि तशी ताटातूट झाली की संशोधनच खुरटते, असा त्यांचा युक्तिवाद होता. त्याचा सरळ अर्थ असा की जो प्राध्यापक स्वतः शोध घेतो त्याने पहिल्या वर्षाच्या पोरांसमोरही उभे राहिले पाहिजे. मुंबईतील महाविद्यालयांनी आपापली कुंपणे काढावीत, आपले अध्यापक एकत्र आणावेत आणि सर्वांनी मिळून खरे शिकवणारे विद्यापीठ घडवावे, अशी त्यांची दिशा होती.

हे वाचताना आमच्यासमोर आमचेच जिल्हे उभे राहतात. लातूरचे नाव आज देशभर कशासाठी घेतले जाते? बारावीच्या आणि वैद्यकीय प्रवेश परीक्षेच्या गुणांसाठी. लातूर पॅटर्नने गरिबांच्या, आमच्याही वस्तीतल्या काही मुलांना डॉक्टर, इंजिनिअर केले हे आम्ही नाकारणार नाही. पण गुणांचा कारखाना आणि ज्ञानाचे केंद्र यांतला फरक बाबासाहेबांनी शंभर वर्षांपूर्वी दाखवला होता. त्या शहरात खासगी शिकवण्यांच्या इमारती मोजा आणि संशोधनासाठी रात्री उघडी राहणारी ग्रंथालये मोजा. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावर राबणारा प्राध्यापक, ज्याला पुढच्या वर्षी काम मिळेल की नाही याची खात्री नाही, तो संशोधन कधी करणार? आणि संशोधन करणाऱ्या आमच्या मुलांचे काय? २०२३ साली बार्टीच्या अधिछात्रवृत्तीसाठी पीएच.डी. करणाऱ्या विद्यार्थ्यांना मुंबईच्या आझाद मैदानात आंदोलनाला बसावे लागले. ज्यांनी ग्रंथालयात बसायचे त्यांना मैदानात बसवणारी ही व्यवस्था आहे.

पुन्हा बाबासाहेबांकडे. १९२७ साली ते मुंबई विधिमंडळात नियुक्त सदस्य म्हणून आले. मार्चमधल्या अर्थसंकल्पीय चर्चेत त्यांनी शिक्षणखर्चाची चिरफाड केली. सरकार शिक्षणावर दरडोई १४ आणे खर्च करते आणि दारूवरील कराच्या रूपाने त्याच माणसाकडून दोन रुपयांहून अधिक वसूल करते, हा हिशेब त्यांनी सभागृहापुढे ठेवला. प्राथमिक शाळेत दाखल होणाऱ्या १०० मुलांपैकी चौथीपर्यंत फक्त १८ पोहोचतात, हेही दाखवले. मग त्याच वर्षी मुंबई विद्यापीठ कायद्यातील दुरुस्तीचे विधेयक आले, तेव्हा त्यांनी आणखी एक मुद्दा लावून धरला. विद्यापीठाच्या सिनेटमध्ये मागासलेल्या वर्गांचे प्रतिनिधी असले पाहिजेत. विरोध करणारे म्हणत, विद्यापीठ ही विद्वानांची सभा, तिथे जातीचा काय संबंध? बाबासाहेबांचा रोख असा की उच्च शिक्षण गरीब आणि गरजू माणसाच्या दारापर्यंत नेणे हे विद्यापीठाचे मूलभूत काम आहे. धोरण ठरवणाऱ्या मंडळात त्या माणसाचा आवाजच नसेल तर हे काम होणार कसे? निवडणुकीने प्रतिनिधी यावेत म्हणावे तर पदवीधर तेव्हा कोण होते, हे का सांगायला हवे? मागासवर्ग इतर ऐहिक लाभ एक वेळ सोडून देतील, पण उच्च शिक्षणाचा हक्क सोडणार नाहीत, हे त्यांनी सभागृहाला बजावले.

आमच्या कार्यकर्त्यांनी इथे थोडे थांबावे. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यात अधिसभेच्या नोंदणीकृत पदवीधर गटातून १० सदस्य निवडून द्यायचे असतात आणि त्यांत अनुसूचित जातीसाठी जागा राखीव आहे. १९२७ सालच्या त्या भांडणाशी या जागेचे नाते आहे. पण पदवीधर म्हणून नाव नोंदवायला आमची पोरे जातात का? फॉर्म भरायची तारीख निघून गेल्यावर आमच्याकडे चौकशीला येणारेच जास्त. ग्रामपंचायतीच्या वॉर्डासाठी डोकी फुटतात आणि अधिसभेची निवडणूक कधी झाली याचा पत्ता नसतो.

वकिली करणाऱ्यांसाठी बाबासाहेबांचे पुढचे पर्व जिव्हाळ्याचे आहे. जून १९२८ पासून काही काळ त्यांनी मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात अध्यापन केले होते. १ जून १९३५ रोजी ते त्याच महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. तारीख पाहा. २७ मे १९३५ रोजी माता रमाई गेल्या होत्या. घरात दुःख ताजे असताना त्यांनी प्राचार्यपदाची सूत्रे हाती घेतली. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी येवल्यात धर्मांतराची घोषणा झाली तेव्हा ते सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य होते. लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेले आणि मंडळाने सभाच रद्द केल्यामुळे स्वखर्चाने छापावे लागलेले जातिसंस्थेच्या निर्मूलनावरील भाषण १९३६ चे. त्याच वर्षी स्वतंत्र मजूर पक्षाची स्थापना. या साऱ्या धामधुमीत त्यांनी महाविद्यालयाच्या मासिकात मुंबई इलाख्यातील कायद्याच्या शिक्षणात कोणत्या सुधारणा हव्यात यावर लेख लिहिला. कलमे पाठ करून वकील घडत नाही, कायद्याच्या विद्यार्थ्याला कायद्याबाहेरच्या विषयांचीही बैठक हवी, विचार शिस्तीत मांडण्याची ताकद हवी, असा त्या लेखाचा सूर आहे. आमच्या पिढीने कायद्याची पदवी घेतली ती बव्हंशी गाईड वाचून, हे जिल्हा न्यायालयात काळा कोट घालून फिरणारा कोणीही खासगीत कबूल करील. १९३८ साली त्यांनी प्राचार्यपदाचा राजीनामा दिला. राजकारणाने ते पद मागून घेतले, असे म्हणावे लागेल.

१९४२ साली ते व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. बांधकाम, वीज, कामगार अशी खाती हाती होती, शिक्षण नव्हते. तरीही ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना अस्पृश्यांच्या तक्रारींचे सविस्तर निवेदन दिले आणि त्यात उच्च शिक्षणाचा मुद्दा ठासून मांडला. बनारस आणि अलिगढ विद्यापीठांना सरकार प्रत्येकी तीन लाख रुपये देते, मग अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी काय देते? विज्ञान आणि तंत्रशिक्षणासाठी, परदेशी जाण्यासाठी पैसे द्या, ही मागणी होती. १९४४ साली केंद्र सरकारने अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू केली. आमच्याकडे मुले जिला भारत सरकार शिष्यवृत्ती म्हणतात, जिचा अर्ज भरायला कॉलेजच्या खिडकीवर जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला घेऊन उभी राहतात, ती हीच. ती सवलत कोणाच्या दयेतून आली नाही. मंत्रिमंडळात बसलेल्या एका प्राध्यापकाने आकडे पुढे टाकून ती खेचून आणली.

८ जुलै १९४५ रोजी पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि २० जून १९४६ रोजी मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय सुरू झाले. नोकरी करून शिकणाऱ्या तरुणांना सोयीचे पडावे म्हणून तिथे सकाळचे वर्ग ठेवले. प्राचार्य म्हणून बाबासाहेबांनी कोणाला आणले? आचार्य अ. बा. गजेंद्रगडकर यांना. संस्कृतचे नामांकित पंडित, जन्माने ब्राह्मण. ज्याला संस्कृतच्या वर्गात बसू दिले नाही त्याने आपल्या महाविद्यालयाची सूत्रे संस्कृतच्या पंडिताकडे सोपवली. संस्थेची दारे सर्व जातींच्या विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना उघडी होती. आमच्या काही संस्थांत पुढे नातेवाइकांची जी भरती झाली ती पाहता हे आठवून देणे भाग आहे.

आता मराठवाडा. सप्टेंबर १९४८ पर्यंत आपण निजामाच्या हैदराबाद संस्थानात होतो. संस्थानाचे उस्मानिया विद्यापीठ १९१८ साली स्थापन झाले, त्याचे माध्यम उर्दू. पदवी घ्यायची तर हैदराबाद गाठायचे. लातूर तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला तालुका होता. त्याचा जिल्हा झाला १९८२ साली. लातूर तालुक्यातल्या किंवा बिलोली, देगलूरकडच्या महार-मांगाच्या पोराने हैदराबादला जाऊन बी.ए. व्हावे, हे स्वप्नातही येणे कठीण. भाषावार राज्यांवरील १९५५ सालच्या पुस्तकात बाबासाहेबांनी मराठवाड्याचे वेगळे राज्य सुचवले, त्याच्या मुळाशीही ही दैना होती. निजामाने दोनशे वर्षे या भागाची उपेक्षा केली, तालुक्याच्या गावी धड शाळा नाही, मग पुढारलेल्या पश्चिम महाराष्ट्रापुढे हा प्रदेश टिकणार कसा, ही त्यांची चिंता होती.

पुस्तक लिहिण्याच्या पाच वर्षे आधीच त्यांनी कामाला हात घातला होता. जून १९५० मध्ये औरंगाबादला त्यांच्या संस्थेचे महाविद्यालय सुरू झाले, उस्मानिया विद्यापीठाशी संलग्न. त्याच वर्षी इकडे नांदेडला पीपल्स कॉलेज सुरू झाले. लातूरला दयानंद महाविद्यालय यायला १९६१ साल उजाडले, राजर्षी शाहू महाविद्यालय तर १९७० चे. म्हणजे नांदेड-लातूरच्या दलित विद्यार्थ्याला वसतिगृहासह आपले म्हणता येईल असे महाविद्यालय बराच काळ औरंगाबादलाच होते. पत्र्याची ट्रंक आणि वळकटी घेऊन तिकडे गेलेली माणसे आमच्या भागात शिक्षक झाली, मामलेदार झाली, वकील झाली. आमच्या आधीच्या पिढीतल्या कितीतरी घरांचा पहिला पदवीधर नागसेनवनात घडला.

१ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते इमारतीची कोनशिला बसली. बाबासाहेब दिल्लीहून, मुंबईहून येत, बांधकाम स्वतः पाहत. महाविद्यालयाला मिलिंद हे नाव दिले आणि परिसराला नागसेनवन. मिलिंद हा ग्रीक राजा, भिक्खू नागसेनांना प्रश्नामागून प्रश्न विचारणारा. शंका घेणाऱ्याचे नाव महाविद्यालयाला देणारा संस्थापक या देशात दुसरा कोण झाला, आम्हाला तरी माहीत नाही. प्राचार्य म. भि. चिटणीस यांनी या विचाराला साजेसे काम केले. त्यांनी लिहिलेले युगयात्रा नाटक मिलिंदच्या विद्यार्थ्यांनी रंगमंचावर आणले. याच मिलिंदमध्ये गंगाधर पानतावणे यांनी शिकवले आणि पुढे अस्मितादर्श चालवून दलित साहित्याला व्यासपीठ दिले. अध्यापन आणि नवनिर्मिती एका छताखाली असावी हे १९२४ सालच्या उत्तरातले म्हणणे असे जमिनीवर उतरले.

जून १९५२ मध्ये कोलंबिया विद्यापीठाने त्यांना सन्मान्य एलएल.डी. दिली. जानेवारी १९५३ मध्ये उस्मानिया विद्यापीठाने डी.लिट. दिली. ६ डिसेंबर १९५६ रोजी महापरिनिर्वाण झाले, त्याच वर्षी संस्थेचे विधी महाविद्यालयही मुंबईत सुरू झाले होते. २३ ऑगस्ट १९५८ रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते मराठवाडा विद्यापीठाचे उद्घाटन झाले, तेही औरंगाबादलाच. मिलिंद त्याच्याशी संलग्न झाले. ज्या शहरात आठ वर्षे आधी बाबासाहेबांनी उच्च शिक्षणाचा पाया घातला होता, त्याच शहरात हे विद्यापीठ उभे राहिले, हा योगायोग मानायला आम्ही तयार नाही.

म्हणून २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाच्या दोन्ही सभागृहांनी नामांतराचा ठराव केला तेव्हा तो या कामाची पावती होता. पुढे काय झाले ते मराठवाड्यातील प्रत्येक बौद्ध कुटुंबाला माहीत आहे. घरे जळाली, विहिरी बंद झाल्या, माणसे गाव सोडून परागंदा झाली. विरोध करणाऱ्यांत स्वतःला पुरोगामी म्हणवणारेही होते. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीच्या पोचिराम कांबळे यांची हत्या झाली. १६ वर्षे लढा चालला. २५ नोव्हेंबर १९९३ रोजी नांदेडमध्ये गौतम वाघमारे यांनी आत्मदहन केले. १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार झाला आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ हे नाव लागले.

त्यानंतर आठ महिन्यांनी, १७ सप्टेंबर १९९४ रोजी, या विद्यापीठातून नांदेड, लातूर आणि परभणी जिल्हे वेगळे काढून नांदेडला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. लातूरच्या राजर्षी शाहू महाविद्यालयाचे प्राचार्य राहिलेले डॉ. जनार्दन वाघमारे पहिले कुलगुरू झाले. ते अमेरिकेतील कृष्णवर्णीयांच्या साहित्याचे अभ्यासक. स्वामीजींच्या नावाविषयी आमच्या मनात किंतु नाही, आणि विद्यापीठ जवळ आल्याने गरिबांच्या मुलांचा फायदाच झाला. मात्र ज्या नावासाठी टेंभुर्णीत आणि नांदेडात जीव गेले, ते नाव टेंभुर्णीच्या पदवीधराच्या प्रमाणपत्रावर तेव्हापासून छापले जात नाही.